दहा गोल खाल्लेला प्रशिक्षक : हरणाऱ्या फुटबॉल क्लबने मॅनेजर बदलावा का?

(थ्रेड. थोडा दीर्घ आहे; सवडीने वाचावा.)

जुलै १९५२, हेलसिंकी ऑलिंपिक. प्राथमिक फेरीत भारताची गाठ युगोस्लाव्हियाशी पडली आणि भारत १०–१ असा हरला. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांचा, तोही सामना संपत आला असताना. संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. जेमतेम सव्वा वर्षापूर्वी, मार्च १९५१ मध्ये, याच रहीम यांच्या संघाने दिल्लीतील पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत इराणला १–० असे नमवून सुवर्णपदक मिळवले होते.

आज एखाद्या क्लबने एका सामन्यात दहा गोल खाल्ले, तर रात्र उलटण्याआधी प्रशिक्षकाच्या हकालपट्टीचा हॅशटॅग फिरू लागेल. रहीम यांच्या बाबतीत तसे घडले नाही. पराभवानंतर बदलले ते बूट. त्या काळी अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळत. कोलकात्याच्या पावसाळी मैदानावर ते खपून जाई, फिनलंडच्या थंडीत खपले नाही. हेलसिंकीनंतर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. समोरचा संघही ऐरागैरा नव्हता. त्या स्पर्धेचे रौप्यपदक युगोस्लाव्हियानेच मिळवले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना नव्हते त्यांना ‘मैदान’ या चित्रपटाने सांगितले. १९५६ मध्ये मेलबर्नला रहीम यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४–२ असे हरवले. त्यात तीन गोल मुंबईच्या मैदानांवर नाव कमावलेल्या नेव्हिल डिसूझा यांचे होते. भारत त्या ऑलिंपिकमध्ये चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाविरुद्ध ०–२ असा गेला. अंतिम फेरीत त्याच कोरियाला २–१ असे हरवून भारताने सुवर्ण घेतले. त्यानंतर नऊ महिन्यांत, जून १९६३ मध्ये, कर्करोगाने रहीम यांचे निधन झाले.

यावरून ‘प्रशिक्षक कधीच बदलू नये’ असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. प्रश्न त्याहून अवघड आहे. संघ हरतो तेव्हा दोष बुटांचा की प्रशिक्षकाचा, हे ठरवायचे कसे?

आधी शब्दाविषयी थोडेसे. आपल्याकडे ‘मॅनेजर’ म्हटले की संघाची तिकिटे, निवास आणि भत्ते पाहणारा गृहस्थ डोळ्यांसमोर येतो. डावपेच आखणारा तो प्रशिक्षक. इंग्लिश फुटबॉलमध्ये मात्र डावपेच, संघनिवड आणि बऱ्याचदा खेळाडूंची खरेदीविक्रीही मॅनेजरकडेच असते. हे पद खेळाइतके जुने नाही. भारतात फुटबॉल आला तो पलटणींबरोबर. भंडारा रोडहून रेल्वेने नागपूरकडे निघाले की वाटेत कामठी लागते. १८२१ साली वसलेली ती लष्करी छावणी. अशा छावण्यांतून गोऱ्या सैनिकांचा हा खेळ भोवतालच्या गावांत उतरला. तेव्हाच्या संघांत कर्णधार असे आणि चिटणीस असे, बस. २९ जुलै १९११ रोजी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकणाऱ्या मोहन बागानलाही आजच्या अर्थाचा मॅनेजर नव्हता. मैदानावर शब्द चाले तो कर्णधार शिबदास भादुरी यांचा. खुद्द इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची निवड १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत समिती करीत असे. काढून टाकायला एकच एक माणूसच नव्हता.

तो माणूस घडवला हर्बर्ट चॅपमन यांनी. १९२५ मध्ये ते आर्सेनलमध्ये आले. त्याआधी हडर्सफील्डला त्यांनी लागोपाठ दोनदा लीग जिंकून दिली होती. आर्सेनलला काही जिंकायचे तर पाच वर्षे लागतील, असे त्यांनी आरंभीच सांगितले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडा, तक्ता पाहा. पहिल्या हंगामात दुसरा क्रमांक. मग अकरावा, दहावा, नववा आणि १९२९–३० मध्ये चक्क चौदावा. आजचा कोणता मालक इतका थांबेल? त्याच १९३० च्या एप्रिलमध्ये आर्सेनलने एफए कप जिंकला, तोही हडर्सफील्डलाच हरवून. पाठोपाठ १९३१ आणि १९३३ मध्ये लीग. जानेवारी १९३४ मध्ये, ऐन हंगामात, चॅपमन वारले. आर्सेनलने तो हंगामही जिंकला आणि पुढचाही. मॅनेजर गेला, त्याने उभी केलेली व्यवस्था खेळत राहिली.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही, हे जाता जाता. १७५७–५८ च्या मोहिमेत राघोबादादा अटकेपर्यंत धडकले, पण परतले ते कर्जाचा बोजा घेऊन. पुढच्या उत्तरेच्या मोहिमेचे सेनापतिपद गेले उदगीरच्या विजयाने उजळलेल्या सदाशिवरावभाऊंकडे. त्यानंतर १४ जानेवारी १७६१ आले. ‘भाऊंच्या जागी दादा असते तर?’ हा प्रश्न अडीचशेहून अधिक वर्षे महाराष्ट्राच्या पारावर चघळला जातो आहे. आणि जो तो सेनापतींविषयी बोलतो. रसद, यमुनेचा पूर, उत्तरेत न मिळालेले मित्र यांचा विषय निघाला की श्रोते पांगतात. फुटबॉलचे चाहते काही वेगळे करीत नाहीत.

आता मूळ प्रश्नाकडे, आणि मराठी वाचकाच्या शेजारच्या गोव्याकडे. पणजीचा धेंपो स्पोर्ट्स क्लब म्हणजे एका उद्योगघराण्याने चालवलेला संघ. त्याचे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांनी तब्बल एक तपाहून अधिक काळ ती धुरा वाहिली. या काळात धेंपोने २००४–०५ आणि २००६–०७ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. स्पर्धेचे नाव आय-लीग झाल्यावर २००७–०८, २००९–१० आणि २०११–१२ मध्येही तीच विजेती. एकूण पाच राष्ट्रीय विजेतेपदे, शिवाय २००८ मध्ये एएफसी कपच्या उपांत्य फेरीत धडक.

वर्षे पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते : ही सगळी विजेतेपदे सलग नाहीत. दोन विजयांच्या मधली वर्षे कोरडी गेली आणि त्या प्रत्येक कोरड्या वर्षी ‘आता बदल हवा’ असे म्हणायला जागा होती. सर्वांत काळा प्रसंग २००४ च्या डिसेंबरमधला. बेंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात धेंपोने मोहन बागानला २–० असे हरवले. दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियर यांचे. दुसरा गोल करताना गोलरक्षकाशी त्यांची टक्कर झाली आणि ते कोसळले. त्याच दिवशी त्यांचा मृत्यू झाला. संघाचा मुख्य गोलवीर असा डोळ्यांदेखत गेल्यावर हंगाम विस्कटला असता तर कोणी बोल लावला नसता. धेंपोने तीच लीग जिंकली. ओळखीचा प्रशिक्षक, ओळखीचे खेळाडू आणि ओळखीचे मालक यांचे मोल अशा वेळी कळते, पण ते कोणत्याही गुणतक्त्यात मांडता येत नाही.

२०१३ मध्ये, विजेतेपदाविना गेलेल्या हंगामानंतर, कुलासो पायउतार झाले. त्यांच्या जागी आले आर्थर पापास, तिशीतले ऑस्ट्रेलियन प्रशिक्षक. वर्षभरात तेही गेले आणि पूर्वी ईस्ट बंगालला खेळवलेले ट्रेव्हर मॉर्गन आले. २०१४–१५ च्या हंगामाअखेर पाच वेळचा राष्ट्रीय विजेता धेंपो आय-लीगमधून खालच्या श्रेणीत घसरला.

कथा इथे थांबवली तर ती फार सोयीची होते : जुना गुरू गेला आणि संघ बुडाला. ती अर्धवट आहे. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिच्यातील एफसी गोवा या नव्या संघाच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी होती. म्हणजे ज्या हातांनी जुना क्लब सांभाळला, त्याच हातांत आता एक नवा, झगमगता क्लब आला. खेळाडू मोजकेच, स्पर्धा मात्र दोन. धेंपोने २०१६ मध्ये द्वितीय श्रेणी जिंकून परतीचे तिकीट मिळवले, पण त्याच वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही गोमंतकीय संघ आय-लीगमधून बाहेर पडले. महासंघाच्या आराखड्यात जुन्या क्लबांना दुय्यम स्थान मिळणार, ही त्यांची तक्रार होती. त्या तक्रारीवर उपाय म्हणून कोणता प्रशिक्षक नेमला असता?

कुलासो यांचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे. नोव्हेंबर २०१३ मध्ये ते कोलकात्यात ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या आधीच्या मार्कोस फालोपा यांनी नुकतीच संघाला एएफसी कपची उपांत्य फेरी गाठून दिली होती, तरी त्यांना जावे लागले. कुलासो यांच्या संघाने २०१३–१४ च्या आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक मिळवला. फेब्रुवारी २०१५ मध्ये तेही गेले. माणूस तोच, अनुभव तोच. पणजीत एक तप टिकला, कोलकात्यात सव्वा वर्ष. प्रशिक्षकाची कुवत किती, यापेक्षा क्लबची सहनशक्ती किती, हेच यातून अधिक स्पष्ट होते.

सहनशक्तीच्या दुसऱ्या टोकाला पुणे आहे. येथे दोन क्लबांत गल्लत होते म्हणून आधी खुलासा. आय-लीगमध्ये खेळणारा पुणे एफसी वेगळा. डेरिक परेरा यांच्या हाताखाली तो २०१२–१३ मध्ये दुसरा आला होता. सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी वेगळा. तो २०१४ मध्ये जन्मला, बालेवाडीच्या मैदानावर खेळला आणि २०१९ मध्ये संपला.

या पाच वर्षांतील प्रशिक्षक मोजा. २०१४ मध्ये फ्रँको कोलोम्बा. २०१५ मध्ये इंग्लंडचे माजी खेळाडू डेव्हिड प्लॅट. २०१६ मध्ये अँटोनिओ लोपेझ हबास, ज्यांनी कोलकात्याच्या संघाला पहिलीच सुपर लीग जिंकून दिली होती. २०१७–१८ मध्ये रांको पोपोविच. २०१८ मध्ये मिगेल आंखेल पोर्तुगाल. मग हंगामी म्हणून प्रद्युम रेड्डी आणि शेवटी फिल ब्राउन. पाच हंगाम, सात माणसे. पहिल्या तीन हंगामांत संघ अनुक्रमे सहावा, सातवा, सहावा. इटालियन, इंग्लिश, स्पॅनिश. शाळा बदलत गेली, निकाल मात्र जागच्या जागी.

पोपोविच यांच्या वर्षी चित्र पालटले. संघ चौथा आला आणि प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. तिथे बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने तीन गोल करून स्वप्न मोडले, पण पुण्याला निदान आपली वाट सापडली असे वाटले. पुढच्या हंगामात पोपोविच नव्हते. पोर्तुगाल आले, तीन सामन्यांत एक बरोबरी आणि दोन पराभव झाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्येच त्यांना निरोप मिळाला. तीन सामने! तेवढ्यात खेळाडूंची नावे पाठ होतात, फार तर. त्या हंगामात संघ पुन्हा सातवा. जिथून निघाला, तिथेच.

२०१९ मध्ये पैशाच्या ओढाताणीत मालकांनी हात आखडले आणि क्लब बंद झाला. बालेवाडीची नारिंगी गर्दी पोरकी झाली. तिने पाच वर्षे प्रशिक्षकांवर वाद घातला. ताळेबंदावर वाद घालण्याची संधी तिला कोणी दिली नव्हती.

मग मॅनेजर बदलल्यावर संघ जिंकू लागतो, हे जे आपण डोळ्यांनी पाहतो ते काय? लेस्टर सिटीने २०१६ ची प्रीमियर लीग जिंकून देणाऱ्या क्लॉडिओ रानिएरी यांना नऊच महिन्यांत, फेब्रुवारी २०१७ मध्ये, काढले. सहायक क्रेग शेक्सपिअर यांच्या हाती संघ आला आणि लागोपाठ पाच लीग सामने जिंकला. हा चमत्कारच म्हणायचा. पण शेक्सपिअर यांनाही त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये घरी पाठवले गेले.

भंडाऱ्याच्या धानपट्ट्यातला शेतकरी हे कोडे चटकन सोडवील. समजा, एका वर्षी पाऊस दगा देतो, रोवणी लांबते, पीक निम्म्यावर येते. मालक चिडून गुढीपाडव्याला सालदार बदलतो. पुढच्या वर्षी पाऊस नेहमीसारखा पडतो, पीक नेहमीसारखे येते आणि गावभर नव्या सालदाराच्या पायगुणाची वाखाणणी होते. जुना सालदार ठेवला असता तरी पीक तेवढेच आले असते, हे तपासायला दुसरे तेच शेत कोणाकडे असते? फार वाईट निकालानंतरचा निकाल बहुधा सरासरीकडे सरकतो, हे फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून दाखवले होते. क्लब मॅनेजर काढतात ते नेमके तळाशी असताना. तिथून वर येणेच स्वाभाविक असते.

फुटबॉलमध्ये हा हिशेब बास तेर वील या डच अर्थतज्ज्ञाने मांडला. १९८६ ते २००४ या काळातील डच लीग तपासून त्याने २०११ मध्ये निष्कर्ष दिला : बदलाआधीची घसरण हिशेबात धरली की मॅनेजर बदलल्याने संघ सुधारतो, असे दिसत नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९६३ मध्ये, ऑस्कर ग्रुस्की यांनी अमेरिकी बेसबॉलमध्ये वारंवार मॅनेजर बदलणारे संघ मागे पडतात असे दाखवले होते. वर्षभरात गॅमसन आणि स्कॉच या अभ्यासकांनी त्यावर टोला हाणला : मॅनेजरमुळे फारसे बिघडत नाही आणि सुधारतही नाही, त्याला काढणे हा बळीचा बकरा शोधण्याचा विधी आहे. विधीचा उपयोग असतो. प्रेक्षक शांत होतात, खेळाडूंना नवी सुरुवात मिळते आणि मालकांवरचा रोख हटतो. त्यात तो स्वस्तही पडतो : पंचवीस खेळाडूंचे करार मोडण्यापेक्षा एकाचा मोडणे सोपे.

तरीही गॅमसन-स्कॉच यांचे म्हणणे टोकाचे आहे. प्रशिक्षकाने काहीच फरक पडत नसता, तर रहीम यांच्यानंतर भारतीय फुटबॉलला आशियाई सुवर्णासाठी आजवर तिष्ठत बसावे लागले नसते. बदल सार्थ ठरतो तो एका परिस्थितीत. बाकी सारे जागेवर असावे आणि तरी संघ खेळत नसावा. पैसे वेळेवर मिळतात, खेळाडू बरे आहेत, मालकाचा विचार ठरलेला आहे, आणि नवा माणूस तोच विचार पुढे नेणारा आहे. मुंबई सिटीचे उदाहरण घ्या. डिसेंबर २०२३ च्या सुमारास डेस बकिंगहॅम इंग्लंडला गेले, भर हंगामात पीटर क्रात्की आले आणि मे २०२४ मध्ये संघाने कप जिंकला. माणूस बदलला, खेळण्याची रीत बदलली नाही.

पुण्याच्या गोष्टीला एक शेपूट आहे. क्लब बंद झाला, पण सुपर लीगमधली त्याची जागा नव्या मालकांनी हैदराबादला नेली. फिल ब्राउनही तिकडे गेले. संघ तळाला रुतला आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांना काढले गेले. अठरा सामन्यांत दहा गुण, शेवटचा क्रमांक. त्यानंतर आलेल्या मानोलो मार्केझ यांना मात्र वेळ मिळाला. त्यांनी तरुण भारतीय खेळाडू घडवले आणि २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर केरळा ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून हैदराबादने विजेतेपद मिळवले. त्या शूटआऊटमध्ये तीन फटके अडवणारा गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी हा गोव्याचाच.

दोन वर्षांनी, २०२३–२४ मध्ये, तोच संघ पुन्हा शेवटचा. पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी आली. थांगबोई सिंगतो यांनी उरलेली तरुण पोरे घेऊन हंगाम पुरा केला. संपूर्ण लीगमध्ये एक विजय. पुढच्या हंगामात, डिसेंबर २०२४ मध्ये, सिंगतो यांनाही काढण्यात आले. २०२५ मध्ये पुण्याहून हैदराबादला गेलेली ती जागा दिल्लीला हलली, नव्या नावाने आणि नव्या प्रशिक्षकासह.